कपड्याच्या आतली पट्टी कशी वाचायची

धुण्याच्या बादलीत टाकण्याआधी हातातला कपडा एकदा उलटा करा. शर्ट, टॉप किंवा कुर्ता असेल तर बहुधा डाव्या कुशीच्या शिवणीत, खालच्या कडेपासून वीतभर वर, एक मऊ पांढरी पट्टी शिवलेली सापडेल. पॅन्टीत ती कमरेच्या आतल्या बाजूला असते. मानेमागच्या पट्टीवर सहसा कंपनीचं नाव आणि माप एवढंच असतं, पण हल्ली बऱ्याच टीशर्टांत सगळा मजकूर मानेमागे थेट कापडावरच छापतात, तेव्हा तिथेही बघा. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि गोल अशी बारीक चित्रं दिसली की पट्टी सापडली.

ती टोचते म्हणून पुष्कळ जण पहिल्याच दिवशी कापून टाकतात. टोचत असेल तर जरूर कापा, पण त्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढा आणि सोबत त्याच कपड्याचाही एक फोटो ठेवा. सहा महिन्यांनी नुसत्या पट्टीचा फोटो पाहून तो कशाचा हे आठवत नाही. चार-पाच धुण्यांत छपाई पुसट होते तेव्हाही हा फोटो कामाला येतो.

घर सोडून पहिल्यांदाच स्वतःचे कपडे स्वतः धुणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. माझा भाचा शिकायला जर्मनीत गेला तेव्हा पहिल्या महिन्यात त्याचे सगळ्यात जास्त फोन धुण्यावरून आले. त्याला फोनवर सांगताना लक्षात आलं की घरी आपण हे कुणी कुणाला शिकवतच नाही. बघून बघून जेवढं येतं तेवढंच येतं, आणि ते सगळं सुती कपड्यांचं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरून ठेवा. पट्टीवर लिहिलेली असते ती मर्यादा. ४० चा आकडा म्हणजे ४० अंशांपर्यंतचं पाणी हा कपडा सोसेल. त्याहून थंड पाण्यात धुतला तर काही बिघडत नाही, त्याहून गरम पाण्यात धुतला तर जबाबदारी तुमची. इस्त्रीच्या टिंबांचंही तसंच आणि ब्लीचचंही तसंच. ही खूणगाठ बांधली की अर्धा गोंधळ मिटतो.

चित्रांच्या आधी कापड वाचा

पट्टीवर टक्क्यांत काहीतरी लिहिलेलं असतं: कॉटन ६०, पॉलिएस्टर ४०. आधी ते वाचा. चित्रं पुसली असली तरी नुसत्या या ओळीवरून कपडा कसा धुवायचा याचा बराच अंदाज येतो.

कॉटन आणि लिनन दणकट. पाण्यात ती कमजोर होत नाहीत, उलट ओलं सूत सुक्यापेक्षा अधिक मजबूत असतं. म्हणूनच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धुणं दगडावर आपटून, धोपटून झालं आणि तरीही धोतरं-लुगडी टिकली. फक्त विणताना धागा ताणलेला असतो. पहिल्या एक-दोन धुण्यांत तो ताण सुटतो आणि कपडा थोडा आटतो.

व्हिस्कोस म्हणजेच रेयॉन. दुकानात हात लावला की गार, मऊ, सुळसुळीत लागणारे बरेचसे कुर्ते याचेच असतात. तो लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा आहे आणि त्याची तऱ्हा सुताच्या नेमकी उलटी: ओला झाला की त्याची ताकद पुष्कळ कमी होते. ओला असताना पिळला की तो वेडावाकडा होतो आणि आटतोही बराच. पट्टीवर व्हिस्कोस दिसलं की हात हलका ठेवा.

लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. स्वेटर घट्ट, जाड आणि लहान होऊन बाहेर येतो आणि ताणून, इस्त्री करून तो पूर्वीसारखा होत नाही. नमदा, म्हणजे न विणता दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड, मुद्दाम असाच बनवतात. रेशमाला गरम पाणीही नको आणि कपड्यांची नेहमीची पावडरही नको, कारण ती अल्कलीयुक्त असते आणि रेशमाची चमक घालवते. आपल्याकडे रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठे वापरायचे, ते याच कारणाने.

पॉलिएस्टर आणि नायलॉन आटत नाहीत, लवकर वाळतात, पण तापलेल्या इस्त्रीखाली वितळतात. राहिला इलास्टेन. स्पँडेक्स आणि लायक्रा ही त्याचीच नावं. जीन्समध्ये, लेगिंगमध्ये तो दोन ते पाच टक्के असतो आणि एवढासा असूनही कपड्याचा सगळा ताण त्याच्यावर असतो. गरम ड्रायर आणि क्लोरीन ब्लीच त्याला खातात, मग गुडघ्यावर पोंगे येतात.

मिश्र कापड असेल तर नियम सोपा आहे: त्यातला जो धागा सगळ्यात नाजूक, त्याच्या कलाने घ्या. टक्केवारी किती ते बघत बसू नका.

वूलमार्क, सिल्क मार्क, हँडलूम मार्क यांची बिल्लं कपड्याला लटकवलेली असतात. धागा किंवा विणकाम खरं आहे याची ती ग्वाही. कपडा धुवायचा कसा याच्याशी त्यांचा संबंध नाही.

ही चित्रं आली कुठून

थोडक्यात सांगते. १९५८ साली पॅरिसमध्ये या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९६३ साली तिथेच जिनेटेक्स ही संस्था स्थापन झाली. भाषा कोणतीही असो, धुणाऱ्याला चित्र कळलं पाहिजे, हा तिचा हेतू. पुढे याच चित्रांवर आयएसओ ३७५८ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं. अमेरिकेत खुणांची थोडी वेगळी पद्धत चालते. तिथे आकड्यांऐवजी टिंबं जास्त दिसतात आणि शब्दांत सूचना लिहिण्याची सवय जुनी आहे. जपानने आपल्या जुन्या खुणा सोडून डिसेंबर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय खुणा घेतल्या. तिरुपूरला शिवलेला टीशर्ट पुण्यात विकला जावो की बर्लिनमध्ये, पट्टीवर तीच पाच चित्रं असतात ती यामुळे.

क्रमही ठरलेला आहे: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. जुन्या पट्ट्यांवर तो थोडा मागेपुढे असतो. कोणत्याही चित्रावर मोठी फुली असली की ती गोष्ट करायची नाही. चित्राखाली एक आडवी रेघ म्हणजे हलक्या हाताने, दोन रेघा म्हणजे फारच हलक्या हाताने. आतली टिंबं उष्णता सांगतात, जितकी जास्त टिंबं तितकी जास्त उष्णता. ही चार वाक्यं पाठ झाली की न ओळखीची खूणही बरीचशी उलगडते.

टब: पाणी किती गरम, हात किती जड

टबाच्या आत ३०, ४०, ६० असा आकडा असतो. अमेरिकी पट्टीवर टिंबं असतात: एक टिंब म्हणजे ३०, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०, चार म्हणजे ६०.

हे अंश बादलीच्या भाषेत समजून घ्या. आपल्याकडे नळाचं पाणी वर्षातले बरेच महिने ३० अंशांच्या आतबाहेरच असतं. म्हणजे ३० लिहिलेला कपडा नळाच्या पाण्यात धुवा, तापवायची गरज नाही. युरोपातल्या हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं येतं आणि मशीन ते तापवून ३० वर नेतं, म्हणून तिथे तो आकडा निवडावा लागतो. ४० म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित गरम. हात सहज बुडवून ठेवता येतो. ६० म्हणजे हात बुडवला की लगेच काढावा लागतो, कढतच म्हणा. गीझर पूर्ण तापला की त्याचं पाणी साधारण या घरात जातं. तेव्हा गीझरची बादली थेट कपड्यांवर ओतू नका. आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चटका देत येतं, हेही ध्यानात असू द्या. नाजूक कपडे त्या दिवसांत सकाळी धुवावेत.

टबाखाली रेघ नसेल तर नेहमीचा वॉश चालतो. एक रेघ असेल तर मशीन अर्धंच भरा आणि जेंटल किंवा सिंथेटिक्सचा प्रोग्राम लावा. दोन रेघा असतील तर डेलिकेट किंवा वूल, ड्रम फार तर एक तृतीयांश भरलेला आणि स्पिन कमीत कमी. कमी कपडे घालायचे ते त्यांना पाण्यात तरंगायला जागा मिळावी म्हणून. गच्च भरलेल्या ड्रममध्ये ते एकमेकांवर घासत राहतात.

टबात बुडवलेला हात दिसला तर हाताने धुवायचं, पाणी ४० च्या वर नको. इथे मात्र जरा थांबते, कारण या एका खुणेने आपल्याकडे जेवढे कपडे बिघडतात तेवढे दुसऱ्या कुठल्या खुणेने बिघडत नसतील. हाताने धुवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ब्रश येतो, साबणाची वडी येते, चोळणं, आपटणं, दोन्ही टोकं धरून करकचून पिळणं येतं. पट्टीला हे अभिप्रेत नाही. मशीनचा मार सोसणार नाही इतका हा कपडा नाजूक आहे, एवढंच ती सांगते आहे, आणि आपण त्याला मशीनपेक्षा जास्त मार देतो.

तेव्हा असं करा. बादलीऐवजी पसरट टब घ्या. आधी पाण्यात लिक्विड डिटर्जंट मिसळा, मग कपडा बुडवा. कपड्यावर थेट पावडर टाकू नका. पाच ते दहा मिनिटं पुरे, रात्रभर नाही. तळव्याने दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. पाणी बदलून दोन-तीनदा खळबळून घ्या, आणि लोकर असेल तर धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी सारखंच ठेवा, कोमटातून एकदम गार पाण्यात नको. बाहेर काढताना कपडा खालून दोन्ही हातांनी उचला, खांद्याला धरून लटकवू नका, पाण्याच्या वजनाने तो ओघळतो. पिळायचा नाही. कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा, दाबा. सगळं पाणी टॉवेल पितो.

टबावर फुली असेल तर पाणीच नको. ब्लेझर, अस्तर-कॅनव्हास लावलेली शेरवानी, जड जरदोसी ही या वर्गातली. बाहेरचं कापड आणि आतलं कापड वेगवेगळं आटतं आणि कपड्यावर कायमच्या लाटा उठतात.

त्रिकोण: ब्लीच

रिकामा त्रिकोण म्हणजे कोणतंही ब्लीच चालेल. आत दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे क्लोरीन नसलेलं. त्रिकोणावर फुली असेल तर कोणतंच नाही.

दुकानात पांढऱ्या कपड्यांसाठी उग्र वासाचं जे पातळ ब्लीच मिळतं ते बहुधा क्लोरीनचं असतं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं दिसेल. पांढऱ्या सुती बनियनला ते चालतं. लोकर आणि रेशीम त्याने पिवळी पडतात, झिजतात, आणि रंगीत कपड्यावर थेंब उडाला तर तो डाग कशानेच जात नाही. डागांसाठीच्या ज्या पावडरींवर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं ते ऑक्सिजन ब्लीच, आणि ते बरंच सौम्य. तरी लोकर-रेशमाला तेही नको.

नीळ म्हणजे ब्लीच नव्हे. ती पिवळटपणा झाकणारा निळा रंग आहे, त्रिकोणाशी तिचं काही नातं नाही.

आणि हे कपड्यांचं नाही, तुमच्या जिवाचं आहे: क्लोरीन ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि आपली बाथरूम बंदिस्त असते.

चौकोन: वाळवणं

चौकोनात गोल असेल तर ती ड्रायरची खूण. गोलात एक टिंब म्हणजे कमी उष्णता, साधारण ६० अंशांपर्यंत. दोन टिंबं म्हणजे नेहमीची, साधारण ८० पर्यंत. फुली म्हणजे ड्रायर नको.

इथे आपल्याकडे एक गफलत हमखास होते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला आपण सर्रास ड्रायर म्हणतो. तो ड्रायर नाही. तो गरगर फिरवून पाणी काढतो, गरम काहीच करत नाही. पट्टीवरची खूण गरम हवेत कपडे घुसळून पूर्ण वाळवणाऱ्या यंत्राची आहे. त्यामुळे फुली मारलेला चौकोन बघून सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कपडे पिळायचेच नाहीत असं नाही. उलट पिळायचे नाहीत अशी सूचना असेल तर ती वेगळी असते: पीळ घातलेल्या कपड्याचं चित्र आणि त्यावर फुली, किंवा 'डू नॉट रिंग' हे शब्द.

परदेशी गेलेल्यांना मात्र ही खूण पहिल्या आठवड्यातच भेटते. वसतिगृहात दोरी बांधायला परवानगी नसते, तळघरात ड्रायर असतो आणि सगळे कपडे एकत्र आत जातात. इथून नेलेले सुती कुर्ते त्यातून आखूड होऊन निघतात, कारण आपल्याकडच्या उन्हाने ते कधी एवढे तापलेच नव्हते. भाच्याला मी एकच सांगितलं होतं: जीन्स, टॉवेल, मोजे, चादरी ड्रायरमध्ये टाक. बाकी सगळं घडीच्या स्टँडवर, खोलीत.

गोल नसेल आणि नुसत्या रेघा असतील तर ते साधं वाळवणं. चौकोनात एक उभी रेघ असेल तर दोरीवर. दोन उभ्या रेघा असतील तर न पिळता, निथळत, दोरीवर. एक आडवी रेघ असेल तर आडवं पसरून, दोन आडव्या असतील तर न पिळता आडवं. वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरकी रेघ असेल तर सावलीत.

आडवी रेघ म्हणजे स्वेटर, विणलेले टॉप आणि लटकवले की लांबणारं सगळं. खाटेवर किंवा चटईवर टॉवेल घालून त्यावर पसरा, बाह्या आणि कडा हाताने मूळ मापाला सारख्या करा, अर्ध्या दिवसाने उलटा. सावलीची खूण तर आपल्या देशात छापलेली नसली तरी आहे असंच समजावं. आपल्या उन्हात काळा टीशर्ट एका उन्हाळ्यात राखाडी होतो. रंगीत कपडे नेहमी उलटे करून वाळत घाला आणि वाळले की लगेच काढा.

पावसाळ्याचं पट्टीवर काही लिहिलेलं नसतं. चार-चार दिवस कपडे दमट राहतात आणि कुबट वास धरतात. पट्टीवर बंदी नसेल तर स्पिन दोनदा चालवा, कपडे दोरीवर हातभर अंतराने घाला, खाली पंखा लावा. आणि धुणं एकदम काढू नका, रोज थोडं काढा.

इस्त्री

एक टिंब साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. इस्त्रीच्या चकतीवर नायलॉन किंवा सिंथेटिक लिहिलंय ते पहिलं, सिल्क-वूल दुसरं, कॉटन-लिनन तिसरं, असा ढोबळ मेळ लावा. बऱ्याच इस्त्र्यांवर टिंबंही असतात. इस्त्रीखाली वाफेच्या रेघा आणि त्यावर फुली असेल तर वाफ नको. एक टिंबवाल्या कपड्याला वाफ टाळलेलीच बरी.

आधी कमी तापमानाचे कपडे घ्या, मग जास्तीचे. इस्त्री तापते पटकन, निवते हळू.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे देत असाल तर त्याची कोळशाची इस्त्री टिंबं ओळखत नाही. ते लोक हाताच्या अंदाजाने काम करतात आणि सुती कपड्यांवर तो अंदाज अचूक असतो. पण व्हिस्कोसमध्ये नायलॉन आहे की नाही हे ढिगातून बघायला त्यांना वेळ नसतो. एक टिंबाचे कपडे वेगळे बांधून द्या आणि "काका, हे गार इस्त्रीचे" असं सांगा. छापील चित्र असलेला टीशर्ट नेहमी आतून.

गोल: हा ड्रायक्लीनवाल्यासाठी

गोलातली अक्षरं तुमच्यासाठी नसतात. 'पी' असेल तर परक्लोरोइथिलीन आणि पेट्रोलियमवर आधारलेली द्रावणं चालतात. 'एफ' असेल तर फक्त पेट्रोलियमची. 'डब्ल्यू' म्हणजे व्यावसायिक पद्धतीने पाण्यात धुणं, त्याला वेट क्लीनिंग म्हणतात. फुली म्हणजे ड्रायक्लीनला देऊच नका.

ड्रायक्लीन म्हणजे कोरडं धुणं असं नाव असलं तरी कपडा ओला होतोच, फक्त पाण्याने नाही. तेलकट डाग त्यात विरघळतात, घामाचे आणि चहाचे तितकेसे नाहीत. म्हणून कपडा देताना डाग कशाचा आहे ते सांगा, पट्टी दाखवा, आणि टिकल्या किंवा प्लास्टिकची बटणं असतील तर बोट ठेवून दाखवा, कारण काही प्लास्टिक या द्रावणांत मऊ पडतं. घरी आणल्यावर वरची प्लास्टिकची पिशवी काढा आणि कपाटात ठेवण्याआधी कपडा दिवसभर हवेवर ठेवा.

'ड्राय क्लीन' आणि 'ड्राय क्लीन ओन्ली' यांत फरक आहे. पहिल्यात ड्रायक्लीन चालतं एवढंच सांगितलंय. दुसऱ्यात पाणी लावाल तर कपडा बिघडेल असा इशारा आहे. टबाची खूण कशी आहे ते बघून खात्री करा.

एक पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत

काही वर्षांपूर्वी दिवाळीला मी गडद मोरपंखी कुर्ता घेतला होता. पट्टीवर होतं: व्हिस्कोस १००. टबात ३०, खाली दोन रेघा. त्रिकोणावर फुली. चौकोन-गोलावर फुली. इस्त्रीत दोन टिंबं. गोलावर फुली. खाली इंग्रजीत 'वॉश विथ लाइक कलर्स'. मी यातलं काहीही न वाचता तो गीझरच्या पाण्यात पावडर घालून रात्रभर भिजवला आणि सकाळी पिळून भर उन्हात टाकला. गुडघ्याखाली चार बोटं असलेला कुर्ता गुडघ्याच्या वर गेला, आणि सोबत भिजलेल्या उशांच्या अभ्र्यांवर हिरवे ढग उमटले. आईने हौसेने घेऊन दिलेला होता, त्यामुळे फार वाईट वाटलं.

तीच पट्टी आज वाचली तर असं करीन. नळाचं पाणी, लिक्विड डिटर्जंट, कुर्ता उलटा, एकट्याने किंवा गडद कपड्यांबरोबर. मशीन असेल तर जाळीच्या पिशवीत घालून डेलिकेटवर, स्पिन सगळ्यात कमी. हाताने असेल तर दहा मिनिटांत आटोपायचं, दाबून पाणी काढायचं. शिवणी हाताने सरळ करून, सावलीत, हँगरवर. किंचित दमट असतानाच आतून मध्यम इस्त्री. ड्रायक्लीनला द्यायचा नाही.

शब्दांतल्या सूचनांपैकी तीन-चार सारख्या भेटतात. 'लाइक कलर्स' म्हणजे त्याच रंगछटेच्या कपड्यांबरोबर. 'इनसाइड आउट' म्हणजे उलटा करून. 'वॉश सेपरेटली' म्हणजे रंग जाणार हे कंपनीलाच ठाऊक आहे, पहिली दोन-तीन धुणी वेगळी काढा. 'रिशेप व्हाइल डॅम्प' म्हणजे ओला असतानाच हाताने मापाला सारखा करा.

आठवड्याचं धुणं एकत्र लावताना ढिगातल्या सगळ्यात कडक पट्टीप्रमाणे मशीन चालवा, किंवा तो कपडा बाहेर काढा. प्रत्येक कपड्याची पट्टी दर वेळी वाचायची गरज नाही. नवीन कपडा आला की एकदा वाचा आणि त्याची जागा ठरवा: दणकट, हलका किंवा बाहेर द्यायचा.

पट्टीच नसेल तर

आपल्या कपाटातल्या कितीतरी मोलाच्या कपड्यांना पट्टी नसते. पैठणी, हातमागाचं लुगडं, खादीचा सदरा, आजीची गोधडी, शिंप्याकडून शिवून घेतलेलं सगळं.

रंगाची शंका असेल तर आतल्या शिवणीच्या जागी पांढऱ्या ओल्या फडक्याने मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर एकटं धुवा, भिजत ठेवू नका. पैठणी घरी पाण्यात घालू नका. रेशीम, काठ-पदराची जर आणि आत लावलेला फॉल ही तिन्ही पाण्याला वेगवेगळी वागतात. नेसून झाली की सावलीत हवेवर टाका, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर घडीच्या रेघेवर जर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. गोधडीत वेगवेगळ्या साड्यांचे तुकडे असतात, म्हणजे रंगही वेगवेगळे, तेव्हा गार पाणी आणि झटपट धुणं, आणि वाळायला पूर्ण दिवसाचं ऊन मिळेल असा दिवस निवडा. घोंगडीला पारंपरिक पद्धतीने चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती वरचेवर भिजवायची नाही, झटकायची आणि उन्हात टाकायची.

आणि शिवायला टाकायचं सुती कापड आधी पाण्यातून काढा. घरातली जुनी माणसं हे न चुकता करायची, आता घाईत राहून जातं. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग शिंप्याकडे द्या. जे आटायचं ते माप घेण्याआधीच आटून जातं. ब्लाउजचं किंवा ड्रेसचं कापड भिजवताना सोबत त्याचं अस्तरही भिजवा.